‘जरा हसा’ म्हणणाऱ्याचं पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांचं पत्र होतं. दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतले कारकून, एसटीचे कंडक्टर, कुणीच हसून बोलत नाही. तेव्हा या सर्वांना हसण्याचं प्रशिक्षण द्यावं, आणि हसू खरं की वरवरचं हे आता मोबाइलसुद्धा ओळखतो म्हणे, तर तशी तपासणीही ठेवावी, असं त्यांनी सुचवलं होतं. सूचना चांगल्या मनानं केलेली दिसते. पण सांगलीत चाळीस वर्षं मी लोकांना ‘जरा हसा’ म्हणून पोट भरलं आहे, म्हणून चार ओळी लिहाव्याशा वाटल्या. चाराच्या जास्त झाल्या तर कात्री आपल्या हातात आहेच.

माझा फोटो स्टुडिओ होता, गावभागात. १९७९ ला उघडला, २०१९ च्या महापुरात गेला. ओर्वो आणि इंदूच्या ब्लॅक अँड व्हाइट रोलपासून सुरुवात केली आणि शेवटी शेवटी आधार कार्डाच्या झेरॉक्सवर दिवस काढले. पासपोर्टचे, हॉलतिकिटाचे, बारशाचे, लग्नाचे, सगळे फोटो काढले. त्यात सगळ्यांत अवघड कुठले म्हणाल तर स्थळासाठी दाखवायचे.

त्या फोटोला मुलगी एकटी कधीच यायची नाही. बरोबर आई, मावशी, कधी शेजारीणसुद्धा. मुलगी प्लॅस्टिकच्या फुलदाणीशेजारी उभी, पदर पिनांनी गच्च बसवलेला, आणि माझ्या पाठीमागून आईचा आवाज, “हास की गं जरा, खांबागत काय उभी राहिलीस!” त्या हुकमासरशी मुलगी ओठ ताणायची. याशिका कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत मान खाली घालून बघायचं असतं, आणि त्यात डावं-उजवं उलटं दिसतं. पण तसं उलटं बघूनही कळायचं की खालचा अर्धा चेहरा हसतोय आणि वरच्या अर्ध्याला त्याचा पत्ताच नाही. मग मी मावशींना म्हणायचो, “तेवढा खाली चहा सांगून येता का?” आणि आईला पाठवायचो शेजारच्या कटलरीच्या दुकानात, मॅचिंग टिकली आणायला. दोघी जिना उतरल्या की मुलीला काही सांगावंच लागायचं नाही. सुटल्याचं हसू आपोआप यायचं, डोळ्यांपासून. तेवढ्यात खटका दाबायचा. त्या एका फ्रेमवर किती लग्नं जमली असतील, देव जाणे.

यातली गंमत मला फार उशिरा कळली. असा नामी फोटो मिळाला की रात्री डार्करूममध्ये त्याची निगेटिव्ह धुऊन वाळवायची आणि टोकदार पेन्सिलीनं रिटचिंग करायचं. निगेटिव्हवर सुरकुती पांढरी दिसते. तिथं पेन्सिल फिरवली की प्रिंटवर ती पुसट होते. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेघा, डोळ्यांखालचा फुगवटा, सगळं घालवायचो. गिऱ्हाइकाला चेहरा गुळगुळीत लागायचा. म्हणजे हसू खरं असल्याचा जो काय एक पुरावा त्या निगेटिव्हवर उतरलेला असायचा, तो मीच स्वतःच्या हातानं पुसून टाकायचो आणि वर त्याचे जादा पैसे घ्यायचो.

तर मागच्या दिवाळीत चौदा वर्षांच्या नातीनं मोबाइलवर एक चाचणी काढली. वीस छोट्या चित्रफिती, प्रत्येकीत एक माणूस हसतो, ते खरं की खोटं ते सांगायचं. मी चष्मा पुसून बसलो. वीसपैकी अकरा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी दहा आलेच असते. नातीला सोळा. “आबा, तुम्ही फोटोग्राफर होता ना?” एवढंच म्हणाली आणि फराळाला गेली.

मला ते लागलं. मग तिच्याकडूनच त्या चाचणीखालची माहिती वाचून घेतली, आणखी इकडून तिकडून थोडं शोधायला लावलं. पॅरिसमध्ये ड्युशेन नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. चेहऱ्याच्या स्नायूंवर विजेचा हलका प्रवाह सोडून कुठला स्नायू काय करतो हे त्यांनी पाहिलं आणि १८६२ साली फोटोंसकट छापलं. त्यांच्या फोटोंतला मुख्य माणूस एक बोळक्या तोंडाचा म्हातारा. त्याच्या चेहऱ्याला संवेदना जवळजवळ नव्हती, त्यामुळे वीज लावली तरी दुखायचं नाही. आम्हा फोटोवाल्यांना यातली खरी मेख चटकन कळेल. त्या काळी फोटो काचेवर निघायचा, तिला उजेड बराच वेळ द्यावा लागायचा, तेवढा वेळ कुठलंच हसू टिकत नाही. विजेनं धरून ठेवलं की टिकतं! मी खुळखुळा वाजवून, ‘चिमणी बघ, चिमणी!’ ओरडून जे करत होतो, ते हा बाबा बॅटरीनं करत होता.

त्यांना असं दिसलं की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या मर्जीत असतो, सांगितलं की हलतो. डोळ्यांभोवतीचा गोल स्नायू मात्र सहसा हुकूम ऐकत नाही. मनातून बरं वाटलं तरच तो आवळतो, गाल वर येतात, कोपऱ्यात चुण्या पडतात. पुढं चार्ल्स डार्विनने १८७२ च्या आपल्या पुस्तकात हे फोटो घेतले. विजेनं हसवलेल्या म्हाताऱ्याचा फोटो त्यानं चोवीस जणांना दाखवला. तिघांना ते काय आहे हेच सांगता येईना. बाकीचे म्हणाले हसल्यासारखं दिसतंय खरं, पण एकाला ती खवचट थट्टा वाटली, एकाला हसायची नुसती खटपट. डोळ्यांनी हसण्याला आज जगभर ड्युशेनचंच नाव आहे. ते नाव रूढ झालं अमेरिकेतल्या पॉल एकमन यांच्या अभ्यासामुळे.

पण पत्रलेखक महाशयांनी पुढचंही वाचावं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की बऱ्याच लोकांना डोळ्यांच्या चुण्या हुकमावर पाडता येतात. आणि तोंड पुरेसं फाकवलं की गाल वर चढून चुण्या आपसूक पडतात, मनात काही असो वा नसो. मग ओळखायचं कशावरून? जुळवलेलं हसू झपकन येतं आणि झपकन विझतं, खरं हळू चढतं आणि हळू उतरतं, असं सांगतात. माझा अनुभव याला धरून आहे. म्हणूनच फोटोवरून ओळखणं अवघड. फोटोत चढ-उतार नसतो, नुसता एक क्षण असतो. आणि सांगलीच्या माणसाला तर हे सांगायलाच नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात मराठी नाटक उभं केलं. राज्य नाट्यस्पर्धेच्या हौशी कलाकारांचे फोटो मी काढत असे. त्यांतले चांगले नट ‘हसा’ म्हटलं की लगेच हसायचे नाहीत. क्षणभर कुठंतरी जायचे, काहीतरी आठवून यायचे, आणि मग जे हसायचे त्यात डोळे असायचे. त्याला आता खोटं म्हणायचं की खरं?

एक फोटो सांगतो. साल बहुतेक २००३. एक पेन्शनर आजोबा नातवाला घेऊन रिक्षातून आले होते. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू गेलेली. बँकेत द्यायच्या कागदावर फोटो लागणार होता. त्यात हसायची काही गरज नव्हती, पण माझ्या तोंडाला सवय. “आजोबा, जरा हसा.” त्यांनी प्रयत्न केला. डावा कोपरा वर गेला, उजवा ओठ तसाच लोंबत राहिला. त्यांना ते जाणवलं असावं, कारण त्यांनी लगेच हात तोंडावर नेला. मी काही बोललो नाही, उगीच लाइट सरकवत बसलो. तेवढ्यात नातू, असेल सात-आठ वर्षांचा, माझ्या पडद्यावरच्या ताजमहालाला टेकायला गेला आणि पडद्यासकट खाली आला. धडपडून उठला तर ताजमहाल डोक्यावर! आजोबा हसले. आणि संपादक महोदय, तोंड दोन्ही बाजूंनी हसलं. उजवा कोपरासुद्धा वर गेला, डाव्याइतकाच. मी खटका दाबला तेव्हा माझा हात हलला होता, तरी फोटो बरा आला.

माझी थोरली लेक फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं नंतर उलगडून सांगितलं. ठरवून हसायचा हुकूम मेंदूतून एका वाटेनं जातो आणि आतून आलेलं हसू दुसऱ्या वाटेनं. काही रोग्यांची पहिली वाट तुटते पण दुसरी शाबूत राहते. मला त्यावर काही विचारता आलं नाही. आजोबांना मी तो फोटो तर दिलाच, पण एक जादा प्रत स्वतःसाठी ठेवली.

एवढं सगळं सांगून मी पत्रलेखकांचीच बाजू घेतोय असं वाटेल, की बघा, खरं हसू ते खरं हसू. तेच मलाही बरीच वर्षं वाटायचं. २०१४ साली बायकोच्या आजारपणात ते मोडलं.

मिरजेला एका दवाखान्यात आम्ही सव्वा महिना होतो. पोटाचा कॅन्सर, शेवटची पायरी. त्या वॉर्डात रात्रपाळीला एक सिस्टर असायच्या, पन्नाशीच्या. सव्वा महिन्यात मी त्यांना एकदाही हसताना पाहिलं नाही. कपाळाला आठी, बोलणं दोन शब्दांचं. “हात सरळ.” “पाणी नको.” दिवसपाळीची पोरगी कशी गोड हसायची, काय काकू, आज छान दिसताय! आणि ही बाई! पहिल्या आठवड्यात मीही तक्रार करायच्या बेतात होतो, अगदी आपल्या पत्रलेखकांसारखी.

एका रात्री झोप येईना म्हणून मी खुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. दोन वाजले असतील. त्या आल्या. सलाइन बघितलं, आणि बायकोच्या अंगाला हात लावायच्या आधी स्वतःचे दोन्ही तळवे एकमेकांवर घासायला लागल्या. जानेवारीची थंडी होती. चांगले दहा-पंधरा वेळा घासले, एक तळवा स्वतःच्या गालाला लावून बघितला आणि मगच तिच्या पाठीखाली हात घालून कूस बदलली. चादरीची चुणी सरळ केली. ती जागीसुद्धा झाली नाही. त्या कुणाला दाखवायला करत नव्हत्या. मी झोपलोय असंच त्यांना वाटत होतं. त्यानंतर मी रोज रात्री झोपेचं सोंग घेऊन बघत असे. रोज तळवे घासायच्या. शेजारच्या पेशंटलाही, त्याच्या शेजारच्यालाही. चेहऱ्यावर तीच आठी.

दिवसा भेटायला माणसं यायची. आमचा गोतावळा मोठा. काही जण दारातूनच हुंदका देत यायचे, तिचा हात धरून असे काही रडायचे की तीच मला खूण करायची, त्यांना पाणी द्या. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तंतोतंत खरं होतं. पण ते गेल्यावर ती दमून जायची.

आणि ती स्वतः. पोरं यायची वेळ झाली की केस सारखे करून घ्यायची, उशी उंच करायला लावायची आणि हसायची. “आज जरा बरं हाय बघा.” मी समोर स्टुलावर. पस्तीस वर्षांची नजर, मला दिसायचंच की नुसते ओठ आहेत. डोळे दुखण्यात आहेत. एकदा पोरं गेल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, “काय बघालाय असं? फोटो काढायला बसलाय व्हय?”

मी मान खाली घातली. त्या चाचणीत तिचं ते हसू मी बिनचूक ‘खोटं’ म्हणून ओळखलं असतं आणि मला एक मार्क मिळाला असता.

आमच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात, दर रविवारी विहारात जाणारे. तिच्या दिवसांनंतर ते रोज संध्याकाळी माझ्याशेजारी कट्ट्यावर येऊन बसायचे, बहुतेक वेळा न बोलता. एकदा मी त्यांना ही सिस्टरांची आणि रडणाऱ्या पाहुण्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी मैत्री, करुणा, मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद, आणि उपेक्षा म्हणजे मनाचा समतोल, अशी मनाच्या चार चांगल्या भावांची नावं सांगितली आणि म्हणाले, पाचव्या शतकात बुद्धघोष नावाचे आचार्य होऊन गेले, त्यांनी यातल्या प्रत्येकाचे दोन दोन शत्रू सांगून ठेवलेत, एक लांबचा आणि एक जवळचा. करुणेचा लांबचा शत्रू क्रूरपणा. तो लांबून येताना दिसतो, कुणीही ओळखेल. जवळचा शत्रू म्हणजे शोक. तो करुणेसारखाच दिसतो, तिच्याच घरात राहतो, म्हणून ओळखू येत नाही. दुसऱ्याचं दुःख बघायला गेलेला माणूस स्वतःच्याच दुःखात बुडतो, आणि ज्याला खरोखर दुखतंय तो बाजूला राहतो. मास्तर एवढं बोलले आणि तंबाखू मळायला लागले. मला पाहुण्यांचं पाणी आठवलं.

आता मला जे लिहायला जड जातंय ते लिहितो, कारण त्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. २००५ चं पाणी माझ्या दुकानाच्या माळ्याला लागलं नव्हतं, म्हणून निगेटिव्हचे सगळे खोके मी निर्धास्तपणे माळ्यावर ठेवले होते. ते सगळे पाण्यात. मी एक कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडलो आणि एका शाळेतल्या छावणीत राहिलो. चौथ्या दिवशी बाहेरगावचं एक मंडळ मदतीचा टेम्पो घेऊन आलं. चांगली माणसं होती, रात्रभर प्रवास करून आली होती. त्यांना फोटो हवे होते, माझ्या गळ्यात कॅमेरा होता.

रांगेत एक ताई होत्या, कडेवर पोर, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. मंडळाच्या अध्यक्षांनी ब्लँकेट आणि पिशवी पुढं केली, ताईंनी दोन्ही हात लावले, आणि दोघंही तसेच थांबले. अध्यक्ष कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, “ताई, जरा हसा.”

त्या हसल्या. ताबडतोब, जसं सांगितलं तसं. मी दोन फ्रेम घेतल्या. कॅमेरा खाली केला तरी त्यांनी पिशवी ओढून घेतली नव्हती. मला म्हणाल्या, “झालं का? घिऊ का आता?”

मंडळाला मी जे फोटो दिले त्यांत तोच सगळ्यांना आवडला.

म्हणून पत्रलेखक महाशयांना माझं सांगणं आहे की हसायला शिकवू नका कुणाला. माझी धाकटी लेक पुण्यात एका मोठ्या दुकानाच्या काउंटरवर उभी असते. तिथं हसण्याची ट्रेनिंग झालेली आहे, आरशासमोर उभं करून. रात्री फोन केला तर म्हणते, बाबा, जबडा दुखतोय, उद्या बोलू. तपासणी ठेवायचीच असेल तर सिस्टरांच्या वॉर्डात एका बाईकडं रात्री किती पेशंट असतात ते मोजावं, कंडक्टरची ड्युटी किती तासांची ते मोजावं. ते मोजायला मोबाइलला डोळे लागत नाहीत. आणि थंडीत कुणी हात घासून लावत असेल तर ते मोजता येणार नाही, तर ते राहू द्यावं.

शेवटी एक विनंती, आणि खरं म्हणजे पत्राचं निमित्त शोधत होतो ते यासाठीच. पूर ओसरल्यावर माळ्यावरचे खोके उघडले. निगेटिव्ह बहुतेक गेल्या; ओलीत फुगून वरचा थरच सरकला होता, चेहरे कापसासारखे हातात यायचे. पण काही प्रिंट एकमेकींना चिकटून राहिल्या होत्या. त्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत सोडून, एक एक सुटी करून, दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या. दोनशे बारा निघाल्या. कडा गेलेल्या आहेत, काहींवर गाळाचा डाग आहे, पण चेहरे ओळखू येतात. बारशाचे आहेत, एका लेझीम पथकाचा आहे, स्थळासाठीच्या मुलींचे तर पंचवीस-तीस असतील. त्या आता आज्ज्या झाल्या असतील. अर्धांगवायूच्या आजोबांची माझी प्रतही त्यात सापडली. त्यांचा तो नातू आता तिशीला आला असेल. त्याच्याकडे हा फोटो पुरातून वाचला आहे का, मला माहीत नाही. माझा पत्ता आपल्या सांगली कार्यालयात देऊन ठेवला आहे. ज्यांना आपलं माणूस शोधायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी यावं. पैसे नकोत. प्रिंटला बोट लावताना तेवढे हात कोरडे असावेत.

आपला,
एक जुना फोटोवाला
गावभाग, सांगली